रिकी, बिनसाखरेची

वॉशिंग्टनच्या ऑगस्टात
हवा ओल्या टॉवेलासारखी खांद्यावर बसते,
उठत नाही.
सकाळपासून तीन गच्च्या झाल्या, डांबराच्या.
बूट उचलला की तळ चिकटून राहतो,
पुढचं पाऊल टाकताना वाटतं,
मागचं पाऊल कुणीतरी ठेवून घेतलंय.
दुसऱ्यांची घरं गार करणारा माणूस मी, ओडेल गेन्स.
गाडीवर लिहिलंय : गारवा, चोवीस तास.
गाडीचाच एसी मे महिन्यापासून बंद आहे.

चौथं बोलावणं युनिस टॉलिव्हरबाईंचं.
तळघरातला बार, सात स्टुलं,
त्यातल्या एकावर कायमचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा.
यंत्र नवऱ्यानं बसवलेलं,
थोरल्या मुलीला पहिला दात आला त्या उन्हाळ्यात.
ती मुलगी आता आजी आहे.

झाकण काढलं, हात आत घातला.
कॉईलच्या पात्यांनी नेहमीसारखी बोटांची चव घेतली,
तीन बारीक चिरा.
कॉम्प्रेसर संपला होता.
हे सांगायला मी दोनदा घसा खाकरला.
"गेला?"
"गेला."
"बरं," त्या म्हणाल्या,
आणि पदरचं काही हरवलं नसल्यासारखं
बर्फाचं भांडं पुढे ओढलं.
"हा काही संध्याकाळ बघत नाही. घेतोस?"

मी बिअरवाला.
जिन म्हणजे माझ्या लेखी
मावशीच्या कपाटातली अत्तराची बाटली,
लहानपणी एकदा चोरून चाटलेली.
पण घशाला कोरड पडली होती
आणि नाही म्हणायलासुद्धा थुंकी लागते.

उंच ग्लास. बर्फ काठापर्यंत.
अर्धं लिंबू मुठीत आवळलं,
पिळून झालेली साल तशीच आत सोडली.
जिन मापानं नाही, नजरेनं.
वरून सोडा, इतका जिवंत
की माझ्या चष्म्यावर थेंब उडाले.
बस. एवढंच.

जीव भांड्यात पडतो म्हणतात.
माझा पेल्यात पडला,
बर्फावर आपटत आपटत
तळापर्यंत गेला.
आंबट, कडू, मग ओल्या झाडाच्या सालीचा वास,
आणि मग काहीच नाही.
काहीच नाही, हे किती थंड असतं!

"साखर नसते यात?" मी विचारलं.
विचारायला नको होतं.
मी मघाशी त्यांच्या यंत्राकडे पाहिलं होतं
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"साखर घातलीस की ते कॉलिन्स. ते लग्नाकार्यात द्यावं.
ही रिकी. याच गावची, याच उन्हासाठी.
गोड प्यालं की अंग तापतं, माझा बाप म्हणायचा.
बाप पुष्कळ खोटं बोलायचा.
हे नाही."

दुसरा ग्लास मी मागितला नव्हता.
बिलाचं पुस्तक खिशातच राहिलं.
पंखा खोलीतली गरम हवा
इकडून तिकडे नेऊन ठेवत होता,
आणि टॉलिव्हरबाई वितळलेलं पाणी
खिडकीतल्या पुदिन्याला घालत होत्या.

घरी जाताना वर्कूच्या दुकानातून लिंबं घेतली.
"एवढी?" तो म्हणाला. "आजारी आहेस का?"
स्वयंपाकघरात उभं राहून पिळलं
आणि तिन्ही चिरा एकदम जाग्या झाल्या.
अशी झोंबली की भिंतीला टेकलो.
मार्विना आतून ओरडली, काय फोडलंस?

काही नाही फोडलं.
पायऱ्यांवर दोन ग्लास घेऊन बसलो.
ती एक घोट प्याली, तोंड वाकडं केलं,
ग्लास मात्र परत दिला नाही.
समोरच्या घरांतली यंत्रं गुरगुरत होती,
रस्त्यावर गरम वारा सोडत होती,
सगळी माझीच गिऱ्हाइकं.

गॅरेजमध्ये एक जुना कॉम्प्रेसर पडून आहे,
कुणाच्या तरी मोडीतून काढलेला.
शनिवारी नेऊन बघतो त्यांच्याकडे.
बसेल असं वाटत नाही.
लिंबं चार उरलीत, तीही नेतो.